फोटोखालची ओळ कोण लिहिणार?

जुन्या फोटोंना सध्या चांगले दिवस आले आहेत. 'जुने सोलापूर' म्हणून प्रदर्शने भरतात, दिनदर्शिका निघतात, दिवाळी अंकांत खास पाने दिली जातात. मोबाईलवर तर रोज सकाळी कुणी ना कुणी इंद्रभुवन, सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, नाहीतर जुन्या मिलची चिमणी पाठवतो आणि खाली लिहितो, 'हेच ते आपले सोलापूर!' आम्हालाही ते फोटो आवडतात. ज्या गावात आपण लहानाचे मोठे झालो त्या गावाचा जुना चेहरा पाहून कुणाला बरे वाटणार नाही?

पण आता या फोटोंचाच इतिहास होऊ लागला आहे आणि आमची तक्रार तिथून सुरू होते. नवी पिढी ग्रंथ वाचत नाही, फोटो पाहते. फोटोत जे आहे तेवढेच घडले आणि जे फोटोत नाही ते नव्हतेच, अशी समजूत रुजते आहे. 'कॅमेरा खोटे बोलत नाही' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. कॅमेरा खोटे बोलत नसेल, पण तो कुणाच्या हातात होता, कुणाच्या पैशाने आला होता, कुणाच्या दारात थांबला आणि कुणाच्या गल्लीत शिरलाच नाही, हे कोण विचारणार? आणि फोटोखाली जी एक ओळ छापलेली असते, ती कुणी लिहिली?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. फोटो म्हणजे इतिहास नव्हे. फोटो आणि त्याखालची ओळ मिळून इतिहास होतो. सोलापूरच्या जुन्या फोटोंत आम्ही आहोत, पण त्याखालच्या ओळीत आम्ही नाही. यात दोष दोघांचा आहे, ओळ लिहिणाऱ्यांचा आणि आमचाही.

आधी जरा मागे जाऊ. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर विजापूर. १८६६ साली लंडनमध्ये विजापूरच्या वास्तूंवर एक मोठा ग्रंथ निघाला. कर्नल बिग्ज आणि मेजर लॉक यांचे फोटो, मेडोज टेलर यांनी लिहिलेला इतिहास आणि जेम्स फर्ग्युसन यांच्या वास्तुकलेवरील टिपा असा तो थाट. आदिलशाहीच्या घुमटांना आणि कमानींना जगात नाव मिळाले ते अशा ग्रंथांमुळे, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण त्या काळच्या इमारतींच्या फोटोंत एखादा माणूस उभा दिसतो तो कशासाठी? इमारतीची उंची कळावी म्हणून! फूटपट्टीच्या जागी माणूस. कमानीचे नाव खाली छापले जाते, माणसाचे छापले जात नाही.

दोनच वर्षांनी, १८६८ साली, 'पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. १८७५ पर्यंत आठ खंड झाले. १८५७ चा उठाव होऊन गेला होता आणि राज्यकर्त्यांना रयत ओळखून ठेवायची होती. त्या खंडांत माणसांचे फोटो आहेत, पण खाली बहुतेक ठिकाणी जात, जमात, धंदा आणि वर साहेबाचा शेरा. ही जमात कष्टाळू, ती भांडखोर, ती विश्वासाला अपात्र! फोटो एका माणसाचा, निकाल साऱ्या जमातीचा. साहेब १९४७ साली गेला. त्याची ओळ लिहायची पद्धत मात्र गेली नाही.

पुरावा पाहिजे? आमच्या शहरातल्या अशाच एका प्रदर्शनाला आम्ही आमच्या शाळेची मुले घेऊन गेलो होतो. मिलमालकांच्या फोटोखाली मालकांचे पूर्ण नाव, पदवी, साल. नगरपालिकेच्या फोटोखाली पहिल्या रांगेतल्या सगळ्यांची नावे डावीकडून उजवीकडे. पुढे एका फोटोत टोप्या घातलेले आठ-दहा जण मागासमोर उभे, आणि खाली दोनच शब्द, 'मुस्लिम विणकर'. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, इनके नामां नइं क्या?" आम्ही तो प्रश्न संयोजकांपर्यंत नेला. ते हसून म्हणाले, "तुमच्याकडे असतील तर द्या की!"

या उत्तराला दोन बाजू आहेत. आधी त्यांची बाजू पाहू.

सोलापूर हे कामगारांचे गाव. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल काढली, जिला आपण सगळे 'जुनी मिल' म्हणतो. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या मिल आल्या आणि भोंग्यावर गाव उठू-झोपू लागले. हातमागावर मोमीन होते, साळी होते, तेलुगू मुलखातून आलेले पद्मशाली होते. १८८४ साली छापलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या मुसलमानांची धंद्यांप्रमाणे नोंद आहे. त्यात मोमीन आहेत, बागवान आहेत, अत्तार, पिंजारी आहेत. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यालाही दिसले की हा समाज म्हणजे नवाबांचा जमाव नव्हे, हात काळे करून जगणाऱ्यांचा समाज आहे. जुन्या फोटोंचे आमचे संकलक मात्र मुसलमान दाखवायचा म्हणून दर्ग्याचा घुमट दाखवतात, नाहीतर मोहरमचा ताबूत. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या चादरीच्या इतिहासात मोमीन विणकराचे एक तरी नाव शोधून दाखवा.

विड्या वळणाऱ्या बायकांचे तर विचारूच नका. मांडीवर सूप, हातात कात्री, बाजूला भिजवलेली पाने, असा फोटो दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पानावर असतो. खाली ओळ ठरलेली, 'विडी कामगार महिला'. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या पैशांवर मुलांना शिकवणाऱ्या बाईला नाव नसते का? आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी दाद्या-नान्यांचा तरुणपणाचा एकमेव फोटो म्हणजे विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा. सरकारी कार्डाने त्यांना निदान नाव तरी दिले. आमच्या इतिहासप्रेमींना तेवढेही जमले नाही.

इथे कुणी म्हणेल, 'चार हुतात्म्यांत एक मुसलमान आहे ना?' आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, गोळीबार झाला, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चौकात चौघांचे पुतळे आहेत आणि दर १२ जानेवारीला त्यांना हार पडतात. पण कुर्बान हुसेन यांच्या फोटोखाली काय सांगितले जाते? 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक'. बस्स! ते 'गझनफर' या वृत्तपत्राचे संपादक होते, गिरणी कामगारांत काम करत होते, त्यांची लेखणी आणि त्यांची संघटना सरकारला खुपत होती, हे किती मुलांना माहीत आहे? 'गझनफर'चे एखादे पान जुन्या सोलापूरच्या किती प्रदर्शनांत लागले? जिवंत, विचार करणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसाचे प्रतीक करून टाकले की त्याच्याबद्दल आणखी काही शोधायची गरज उरत नाही. एका हुतात्म्याच्या फोटोवर साऱ्या समाजाची हजेरी लावून रजिस्टर मिटता येते.

शाहीर अमर शेख यांचेही तेच. ते आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे, जन्म १९१६, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदाने हलली. फोटोत ते शाहीर म्हणून आहेत, आणि ते योग्यच आहे. पण बार्शीच्या गिरणीतला मेहबूब पटेल शाहीर कसा झाला, त्याच्या मोहल्ल्यात तेव्हा काय वारे वाहत होते, ते सांगणारा फोटो कुणी शोधला का?

आणि १९४८ चे काय? १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने निजामी मुलखात शिरल्या. १८ सप्टेंबरला निजामाच्या सैन्याचे प्रमुख अल इद्रूस मेजर जनरल चौधरींपुढे शरण आले, त्याचा फोटो इतिहासाच्या पुस्तकांत आहे. निजामाची जुलमी राजवट आणि रझाकारांची दंडेली संपली याचा आनंद आम्हालाही आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत साध्या मुसलमान रयतेवर जे गुदरले, ते पाहायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती सरकारनेच पाठवली होती. तिच्या अहवालाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल लोकांना पाहायला मिळाला थेट २०१३ साली. शरणागतीचा फोटो आहे, रणगाड्यांचा आहे. पोरांना घेऊन सरहद्द ओलांडणाऱ्या विधवेचा नाही. तिथे कॅमेरा नव्हता. मग ती बाई इतिहासात नव्हतीच, असे समजायचे?

इतके ऐकून काही मित्र म्हणतील, 'गावाच्या इतिहासात धर्म कशाला आणता?' आम्ही धर्म आणत नाही. 'मुस्लिम विणकर' ही ओळ आम्ही लिहिलेली नाही! आम्हाला प्रदर्शनात वेगळा 'मुस्लिम कोपरा' नको आहे. आम्हाला त्या आठ-दहा जणांची नावे पाहिजेत. त्याच न्यायाने पद्मशाली मागवाल्याचे, गिरणीतल्या दलित कामगाराचे, लिंगायत हमालाचेही नाव पाहिजे. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे छापायची आणि मागे उभे राहिलेल्यांचा समूह करायचा, या सवयीविरुद्ध आमची तक्रार आहे. मागे उभ्या असलेल्यांत सगळ्या जाती-धर्मांचे लोक आहेत.

आता दुसरी बाजू. 'तुमच्याकडे असतील तर द्या की!' आहेत का आमच्याकडे? आणि असतील तर आम्ही त्यांचे काय केले?

घर बदलताना आम्ही अब्बांच्या अब्बांचा अल्बम रद्दीत दिला. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत फोटो एकमेकांना चिकटले ते तसेच फेकले. काहींनी दीनदारीच्या जोशात फोटो फाडले किंवा चेहरे खरवडून काढले. 'तसवीर हराम आहे' या एका वाक्यावर घराघरांतली तवारीख चुलीत गेली.

या प्रश्नावर आम्ही उलेमांशी वाद घालायला बसलो नाही, तो आमचा अधिकारही नाही. ज्यांची मनापासून श्रद्धा आहे त्यांचा आदर आहे. पण हा प्रश्न एकमताने मिटलेला आहे, असे कुणी सांगू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटो जायज असल्याचे मत दिले होते. फोटो म्हणजे नवी आकृती घडवणे नव्हे, पडलेली सावली धरून ठेवणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद. देवबंदच्या बुजुर्गांनी वेगळे मत दिले, हेही खरे. मक्का-मदिनेचे सुरुवातीचे फोटो काढणारा मुहम्मद सादिक बे हा इजिप्तच्या फौजेतला मुसलमान अधिकारी होता. त्याने १८६१ साली मदिनेत आणि १८८० साली मक्केत कॅमेरा लावला. ज्या खिलाफतीसाठी आपल्या आजोबांनी चंदे दिले, त्या खिलाफतीच्या गादीवर बसलेल्या सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी १८९३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला ५१ अल्बम भेट पाठवले. अठराशेहून जास्त फोटो! त्यांत शाळा आहेत, दवाखाने आहेत, गणवेशातली मुले आणि मुलीही आहेत. का पाठवले? युरोपवाले तुर्कांचे जे फोटो जगाला दाखवत होते, त्यांखालची ओळ सुलतानाला मान्य नव्हती. त्याने आपले फोटो स्वतः पाठवले. आम्हाला एवढीच अक्कल त्याच्याकडून घ्यायची आहे.

आणि खरे सांगायचे तर फोटोला आम्ही नाही म्हणतो कुठे? हजच्या पासपोर्टला फोटो, आधारला फोटो, मतदार कार्डाला फोटो, लग्नात तर दोन-दोन कॅमेरे. हराम ठरतो तो फक्त दादाजानचा जुना फोटो!

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली तिथे जन्मले. ते अगदी लहान असताना आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता. आईचा चेहरा आपल्याला आठवत नाही, हे दुःख त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवले. मदर तेरेसांवरच्या त्यांच्या चित्रांत पांढऱ्या साडीच्या आत चेहऱ्याची जागा रिकामी आहे. हुसेन मोठे चित्रकार होते म्हणून त्यांच्या रिकाम्या जागेची जगाने दखल घेतली. आमच्या घराघरांतल्या रिकाम्या जागांचे काय?

आमचा आणखी एक रोग आहे, तोही बोलून टाकतो. आम्हाला आजोबा विणकर होते, हे सांगायची लाज वाटते. भिंतीवर गोल घुमट चालतो, टिपू सुलतान चालतो, लाल किल्ला चालतो. मागावर बसलेला, बनियन घातलेला आजोबा चालत नाही. बादशहांशी नाते सांगण्यात आमच्या दोन-तीन पिढ्या खपल्या आणि तेवढ्याच काळात खऱ्या बापजाद्यांची नावे पुसली गेली. समोरचा आम्हाला औरंगजेबाची औलाद म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला आमच्याकडे काय आहे? मोमीन आजोबाचा नाव-साल लिहिलेला फोटो असता, तर तो दाखवता आला असता.

२०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यावरून धास्ती पसरली, तेव्हा आमचे लोक पेट्या उघडून कागद शोधत बसले होते. फोटो हा कायद्याचा पुरावा नाही, हे आम्ही जाणतो. पण 'आम्ही इथलेच' हे ज्या समाजाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते, त्याने आपल्या इथलेपणाच्या खुणा हाताने फेकून द्याव्यात, याला काय म्हणावे? नावे बदलत आहेत. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर, एसटीच्या बोर्डावर जे नाव होते, ते उद्या फक्त फोटोत सापडेल.

मग करायचे काय? इथे उर्दू शाळांतल्या आम्हा शिक्षकांचे काम सुरू होते. जुन्या फोटोच्या मागे बहुतेक वेळा उर्दूत काहीतरी लिहिलेले असते. ते संकलकाला वाचता येत नाही आणि मराठी-इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवालाही येत नाही. आम्हाला येते. पण नुसती लिपी पुरत नाही. समजा, फोटोमागे '१३५७' लिहिले आहे. ते हिजरी साल असेल तर १९३८ च्या सुमाराचे. पण फोटो नळदुर्ग-तुळजापूरकडच्या निजामी मुलखातला असेल तर ते फसली साल असू शकते. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवावे लागतात, म्हणजे १९४७-४८! दहा वर्षांचा फरक, आणि तोही असा की एक फोटो शांततेच्या काळातला ठरतो आणि दुसरा पोलीस कारवाईच्या तोंडावरचा. ही ओळ चुकली तर एका कुटुंबाची सारी कहाणी चुकते.

म्हणून आमचे सांगणे असे. प्रत्येक शाळेने सातवी-आठवीच्या मुलांना सुट्टीत एकच काम द्यावे. घरातला सर्वांत जुना फोटो घेऊन दादी, नाना, फुफी यांच्याजवळ बसायचे आणि नाव, नाते, धंदा, मोहल्ला, साल लिहून काढायचे. कुणी सांगितले आणि कोणत्या तारखेला सांगितले, तेही लिहायचे. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असेच लिहायचे, मनाने भरायचे नाही. फोटोच्या मागे लिहायचे तर मऊ शिसपेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे. फाटका फोटो सेलोटेपने जोडू नये. चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावा आणि दोन्ही बाजू स्कॅन करून घ्याव्यात. घरातल्या बायकांचे फोटो बाहेर दाखवायचे की नाहीत, ते त्या बायकांनी ठरवावे. पण फोटो पाकिटात राहिला तरी नाव लिहिलेच पाहिजे. 'अमुकची बीवी' नको. तिचे नाव.

आणि ही ओळ मराठीतही लिहिली पाहिजे. उर्दू आमची आहे, ती आम्ही शिकवतो आणि शिकवत राहू. पण ज्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बोळात ऐकू येतात, त्या गावाला आपला इतिहास सांगायचा तर मराठीला पर्याय नाही. हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली आमच्या सोलापुरातच भरले. फकरुद्दीन बेन्नूर सरांनी आयुष्यभर हेच मांडले की इथला मुसलमान इथल्या मातीतला आहे आणि त्याचा इतिहास मोहल्ल्यातून, जमातींतून, धंद्यांतून लिहावा लागेल. सर २०१८ साली गेले. त्या संमेलनाला आता पस्तीस वर्षे झाली. ज्यांच्या घरी त्या दिवसांचे फोटो असतील, त्यांनी ते आज बाहेर काढावेत. व्यासपीठावरच्यांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेले कोण होते, सतरंज्या कुणी घातल्या, स्वयंपाक कुणी सांभाळला, बाहेरगावच्या पाहुण्यांना घरी कुणी ठेवले? सांगणारे अजून हयात आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील. मग आपल्याच संमेलनाच्या फोटोखाली कुणीतरी 'मुस्लिम श्रोते' एवढेच लिहील, आणि तेव्हा तक्रार करायलाही तोंड राहणार नाही.

त्या संयोजकांना आम्ही पुन्हा भेटणार आहोत, नावे घेऊन. सातवीच्या पोरांनी आठ-दहांपैकी तिघांची ओळख पटवली आहे. एकाची नात अजून त्याच बोळात राहते. बाकीच्यांचा शोध चालू आहे. नावे दिल्यानंतरही ती पाटी बदलली गेली नाही, तर आमचा वाद त्यांच्याशी आहे. आणि नावे मिळवायला आमच्याच घरांची दारे उघडली नाहीत, तर आमचा वाद आमच्याशी आहे.